अर्धं औषध

आमच्या बाजारात जातपात कोणी पाळत नाही. हे मला इतक्या जणांनी, इतक्या वेळा, मी न विचारता सांगितलं आहे की आता माझाच संशय बळावला आहे.

मी फेबी. मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने देवगडकडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावर एका खाडीच्या मुखाशी आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या माझ्या दारात सभा भरेल. मासळीबाजाराच्या तोंडाशी माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, एक मशीन आणि मी, आणि आम्ही दोघीही त्यात तिरक्या बसतो. पण मशीनवरून मान वर केली की अख्खा बाजार दिसतो. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या डोक्यात आहेत. कोण सुटली, कोण वाळली, कोणाला दिवस गेलेत, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. माझा नवरा प्लासिद म्हणतो, फेबीची टेप गळ्यात असते आणि कातर तोंडात. म्हणू दे.

तर विमलाबद्दल सांगायचं आहे.

विमला खाडीपलीकडच्या बौद्धवाडीतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा गोव्यात हॉटेलात असतो. ओहोटी लागली की ती खाडीत उतरते. पायांनी चिखल चाचपून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते, खडकावरची कालवं कोयत्याने फोडते, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात येते. बाजारात येते म्हणजे बाजाराच्या बाहेर येते. आत टाइल लावलेले ओटे आहेत, वर पत्रा आहे, पंखेसुद्धा आहेत. नवा बाजार झाला तेव्हा ते जुन्या शेडमध्ये बसणाऱ्या बायकांना मिळाले. विमलाची सासू शेडच्या बाहेर, गटाराच्या कडेला, भिंतीला टेकून बसायची. म्हणून विमलाही तिथेच बसते. सासू बाहेर का बसायची, असं मी एकदा विचारलं होतं. "ती बाहेरच बसायची," असं उत्तर मिळालं. आमच्याकडे याला कारण म्हणतात.

त्यात तिचा माल चिखलातला. पापलेट, सुरमई विकणाऱ्या बायकांच्या लेखी तिसऱ्या म्हणजे मासळीच नव्हे. आणि तिसऱ्यांचं सुकं खाऊन बोटं चाटत नाही असं एक घर गावात दाखवा, मी त्यांचे कपडे फुकट शिवीन.

बाजारातल्या बायकांची एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. पाटी रिकामी होईपर्यंत पाणी प्यायचं नाही. सकाळी पेज खाऊन निघताना प्रत्येकीच्या गालात एक सोल असतं. सोल म्हणजे आमसूल, सोलकढीत घालतो तेच. गालात धरलं की आंबटपणाने तोंडाला पाणी सुटत राहतं आणि तहान कळत नाही. ऊन तापलं की बायका त्याची बाजू बदलतात, या गालातून त्या गालात. सासू सुनेला शिकवते, आई लेकीला. ही रीत का पडली ते उघड आहे. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? पुरुष काय, जेटीच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. बाई दिवसभर शंभर गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर बसलेली असते. तिने उठून कुठे जावं? तेव्हा तिने तहानच मारली, आणि वर त्याचा अभिमान धरला. सकाळपासून घोटभर पाणी न पिता बसणारी बाई ती खरी बाजारकरीण, असं आमच्याकडे मानतात.

नव्या बाजारामागे संडास बांधला तेव्हा वाटलं, संपलं हे. बायकांच्या दाराला कुलूप लागलं आणि चावी गेली जानकीच्या कमरेला. जानकी म्हणजे ओट्यावरच्या बायकांची म्होरकी, जातीने गाबीत, आवाज असा की समोरच्या होडीला हाक पोचते. ती वाईट नाही, आणि हेच तर दुखणं आहे. संडासात नळ नाही, तेव्हा पिंपात पाणी ती स्वतः भरते, फरशी स्वतः घासते. चावी ठेवली ती घाण होऊ नये म्हणून. फक्त चावी कोणाला द्यायची तर ओटेवाल्यांना, असं ठरलं. कोणी ठरवलं ते कोणालाच आठवत नाही. विमलाने पहिल्याच आठवड्यात एकदा चावी मागितली. "ती ओटेवाल्यांची गो," जानकी म्हणाली, आणि तिच्याकडच्या दोन वाटे तिसऱ्या घेऊन गेली. विमलाने पुन्हा मागितली नाही.

पण स्कूबा करायला आलेली पुण्याची कोणी बाई, डोक्यावर मोठी टोपी, गॉगल, "अहो मावशी, इथे टॉयलेट आहे का हो," असं म्हणाली की जानकी लगबगीने कमरेची चावी सोडायची. पाहुणी ना ती. पाहुणी आत जाऊन यायची, आणि गटाराच्या कडेला विमला सोल या गालातून त्या गालात करायची. हे मी माझ्या मशीनवरून किती वर्षं पाहिलं असेल. बायका म्हणतील, त्यात जात कुठे आली, ओट्याचा प्रश्न आहे. बरोबर. आणि ओटा का नाही तर शेडमध्ये जागा नव्हती, आणि शेडमध्ये जागा का नव्हती तर सासू बाहेर बसायची. धागा ओढत जा, शेवटी गाठ तिथेच सापडते.

विमला दर एप्रिलला माझ्याकडे पोलकं शिवते. चौदा तारखेला वाडीत जयंती असते, तेव्हा पांढरी साडी आणि पांढरं पोलकं. दर वर्षी मी तिचं माप घेते, आणि दर वर्षी आदल्या वर्षीचं पोलकं पाठीत ढगळ झालेलं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ती आली, आणि मी पाठीवर टेप लावली तर कापडातून चटका बसला. टेप जरा खाली नेली तशी ती कळवळून पुढे झाली.

"तुज्या आंगात ताप आसा गो," मी म्हटलं.

"असतलो. येता नि जाता तो."

"दाक्तराकडे गेल्लंस?"

"तीनदा गेलंय. गोळये दिल्यान."

"काय सांगितलंस तेका?"

"पोटात दुखता म्हणान."

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिचा हात तर पाठीवर होता. मग ती खाली बघत म्हणाली, "माज्या झिलाच्या वयाचो दाक्तर. मागे रांग दारापर्यंत. आनी थय शुद्ध बोलूचा लागता. तेका काय सांगू, मुतताना आग होता म्हणान?"

गाळ्याबाहेर तीन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून मी काही बोलले नाही, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं असतं ते निघालं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि तिला घेऊन गोव्याला गेले. माझी बहीण सँड्रीना तिथे मोठ्या सरकारी हॉस्पिटलजवळ राहते. आम्ही कॅथलिक माणसं, आमचं अर्धं गणगोत गोव्यात. आजारपण आलं की आमचे पाय आपोआप तिकडे वळतात. विमलाचा मुलगा तिथेच, पण हॉटेलच्या एका खोलीत सहा जणांत झोपतो; वाडीतल्या माणसाने कोणाच्या दारात उतरावं?

हॉस्पिटलात एक डॉक्टरीण होती, पस्तिशीची, केस मानेवर बांधलेले. तिने कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "दिसाक कितले फावट लघवेक वता गो बाय?"

कोकणी. आमच्या मालवणीची सख्खी बहीण. विमलाने मान वर केली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा एखादी डॉक्टर तिच्याशी घरच्यासारखी बोलत होती, आणि त्यासाठी राज्य ओलांडावं लागलं होतं.

"दोनदा," विमला म्हणाली. "सकाळी खाडयेत उतरूच्या आदी. आनी मगे घराक गेल्यार."

"आनी मदीं?"

"मदी बाजार."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "उदक कितलें पियेता?"

"पाणी घराक गेल्यारच."

"तान लागना?"

"नाय," विमला म्हणाली, आणि मला आठवतं, जरा ताठ बसूनच म्हणाली. "गालात सोल असता ना."

तिने ते काढून दाखवलंही. काळपट, चोखून चोखून पातळ झालेलं. डॉक्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. ती गोव्याचीच होती, तिच्या घरच्या कढीत तेच पडत असणार.

सोनोग्राफी झाली, रक्त झालं, आणि दुपारी डॉक्टरने आम्हाला समजावून सांगितलं. दिवसच्या दिवस पाणी नाही, लघवी तुंबवून ठेवायची, त्यातून खडे झाले आणि जंतू वाढले. एका बाजूची वाट खड्याने बंद झाली, आणि ती किडनी अडून अडून सुकून गेली. ती आता कामाची नाही. दुसरी शाबूत आहे, पण तिच्यातही बारीक खडे आहेत. आता तासातासाला पाणी प्यायचं. तहान लागो न लागो. आणि लागली की लगेच जायचं, थांबवायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. हे केलं तर दुसरी टिकेल. नाही केलं तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागेल, आणि असं मशीन विमलाच्या वाडीपासून किती लांब आहे ते डॉक्टरने विचारलं. मी सांगितलं. तिने कागदावर 'पाणी' या शब्दाखाली रेघ मारली.

परतीच्या गाडीत बांदा आलं. विमला म्हणाली, "सोलान माका फसवल्यान."

माझा तोल गेला. मी म्हटलं, सोलाने? एकट्या सोलाला कशाला फाशी देतेस? तुझ्या वाडीतल्या नळाला पाणी येत नाही, पाइपलाइन वरच्या वाडीत पोचेपर्यंतच दमते, आणि उन्हाळ्यात तुमची विहीर खारट होते ती कोणामुळे? तुला भिंतीबाहेर बसवलं ते सोलाने? बाईने उघड्यावर जायचं नाही आणि बंद जागेची चावी तिला द्यायची नाही, हे सोलाने ठरवलं? दवाखान्यात आपल्या भाषेत आपलं दुखणं सांगता येत नाही, ते? सगळ्यांनी थोडं थोडं दाबलं गो, आणि ते सगळं नेमकं एका जागी येऊन बसलं. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. बघू दे, म्हटलं.

विमलाने सगळं ऐकून घेतलं. तिने एवढंच विचारलं, "दुसरी तरी टिकात मा?"

"पाणी प्यालंस तर टिकात."

"मगे पितलंय," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हणाली झालं. आजारी माणूस गाडीत बसून पुष्कळ काय काय कबूल करतं. मला विमला कळलीच नव्हती.

सोमवारी ती बाजारात आली तेव्हा पाटीबरोबर एक पितळी कळशी होती. कळशी तिने भिंतीला टेकून ठेवली, वर तांब्या पालथा घातला. तिच्याकडे घड्याळ नाही, आणि मोबाइल ती बाजारात आणत नाही. तिने आपलं वेळापत्रक एसटीवर बसवलं. मालवण गाडी आली की एक तांब्या. देवगड गाडी आली की एक. कणकवली गाडीला आणखी एक. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, मान मागे टाकून ती घटाघटा पाणी प्यायली. ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. एकीने तर दुसरीला कोपर मारलं. बाजारात बाईने असं पाणी प्यायलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या गाडीनंतर ती उठली. पाटीवर केळीचं पान झाकलं, मला म्हणाली, "वायच बघ गो," आणि रस्ता ओलांडून सरळ पंचायतीच्या नव्या इमारतीत शिरली. माझा गाळा समोरच, तेव्हा दारातला शिपाई भाई आणि ती, दोघांचं मला सगळं ऐकू आलं.

"खंय चल्लंस?" भाई म्हणाला.

"वर. मुताक."

भाईने हातातला चहा खाली ठेवला. "गो, ता स्टाफचा आसा."

"स्टाफाचा काय वेगळा येता?" विमलाने विचारलं, आणि ती जिना चढून गेली.

वर ग्रामसेवक बसतात. भले गृहस्थ, घाबरट. त्यांनी म्हटलं, "बाई, हे कार्यालय आहे. तुमच्यासाठी बाजारात सोय केलेली आहे ना?" हे भाईने मला नंतर सांगितलं. विमला तिथे शुद्ध बोलली. दवाखान्यात जी जीभ लुळी पडायची ती त्या दिवशी कशी सरळ झाली कोण जाणे. "हो साहेब. त्या सोयीला कुलूप आहे. मला डॉक्टरनी औषध दिलंय. पाणी प्यायचं हे अर्धं औषध. सोडायचं हे दुसरं अर्धं. पहिलं अर्धं मी खाली घेऊन आले." ग्रामसेवकांनी समोरची फाइल उघडून तिच्यात डोकं घातलं. तोवर विमला जाऊन आली, "उपकार झाले साहेब," म्हणाली आणि खाली उतरली.

कणकवली गाडीनंतर ती पुन्हा गेली. दुपारी पंचायतीला जेवणाची सुट्टी, म्हणून पतपेढीत गेली. तिथे मॅनेजर उठून उभा राहिला, तिने त्यालाही तेच सांगितलं. चौथ्या खेपेला स्कूबावाल्यांच्या काउंटरवर. तिथली मुलं लाजून बाजूला झाली. एकदा आमच्या चर्चच्या हॉलवरही गेली, तिथे आमच्या राखणदाराने तिला सांगितलं की हॉल पॅरिशच्या लोकांसाठी आहे. त्याला मी संध्याकाळी गाठलं. काय बोलले ते लिहीत नाही, पण पुढच्या रविवारी त्याने प्लासिदकडे माझी तक्रार केली, आणि प्लासिदने त्याला सांगितलं की मी तिच्यासोबत बावीस वर्षं काढली आहेत, तू एक रविवार तरी काढ.

रोज असं चाललं. ऊन असो, गर्दी असो. ती भांडली नाही, घोषणा दिल्या नाहीत, कोणाला नावं ठेवली नाहीत. माणूस जेवणानंतर गोळी घेतं तशी ती पाणी प्यायची आणि उठायची, आणि जिथे दार असेल तिथे जाऊन सांगायची की मला मुतायचं आहे. गिऱ्हाईक खोळंबायचं, कधी निघूनही जायचं, तरी ती उठायची. तुम्ही म्हणाल यात काय एवढं. चार लोकांत, तोंड वर करून, पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकदा जाऊन हे वाक्य बोलून बघा. मी टेप गळ्यात घालून गावभर तोंड टाकणारी बाई, मलासुद्धा ते जमलं नसतं. मी दुपारी प्लासिदच्या स्कूटरवर बसून घरी जाऊन येते, आणि विचारलं तर सांगते की जेवायला गेले होते. मशीन थांबवून मी तिच्या पाठमोऱ्या मूर्तीकडे बघत बसायचे. चिखलाने कडक झालेला काष्टा, वाळलेली पाठ, आणि चाल अशी की जणू स्वतःच्या घरात या खोलीतून त्या खोलीत चालली आहे. 

बाजाराला मात्र लाज वाटायला लागली. पंचायतीत, पतपेढीत, स्कूबावाल्यांत एकच चर्चा, की बाजारात सोय नाही काय? तिसऱ्या आठवड्यात जानकी ओट्यावरून उतरली आणि माझ्या गाळ्यासमोर, विमलाच्या शेजारी येऊन वाकली. कमरेची चावी तिच्या मुठीत होती.

"घे," ती दबक्या आवाजात म्हणाली. जानकीला दबका आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. "लागात तेवा जा. पन कोणाक सांगा नको. मगे सगळीच मागतली."

विमलाने चावीकडे पाहिलं. तिला ती किती हवी होती ते मला ठाऊक होतं. पंचायतीचा जिना चढताना तिची कंबर धरायची, अर्ध्यावर थांबून कठड्याला टेकायची ती.

"नको गो," ती म्हणाली.

"कित्याक?"

"चोरून मुताक मी काय चोरी केलंय?"

जानकी भडकेल असं मला वाटलं. मी खुर्चीवरून अर्धी उठलेही. पण जानकी तिथेच, गटाराच्या कडेला, ओल्या जमिनीवर मटकन बसली. इतक्या वर्षांत ती कधी तिथे बसली नव्हती.  मग हळूच विचारलं, "विमला, तुका खराच त्याच्यान झाला? पाणी नाय पिऊन?"

"दाक्तरणीन तसाच सांगितल्यान."

"माका पन हय दुखता," जानकी म्हणाली, आणि तिने हात मागे नेऊन पाठीची तीच जागा दाबली. "दोन वर्सा झाली. चावी माज्या कमरेक, पन पिंपातला पाणी सरात म्हणान मीच जाय नाय. रांड, पाणी तर मी पन पिय नाय."

मी टेप घेऊन वर्षानुवर्षं या बायकांच्या पाठी मोजत आले, आणि ओट्यावरची एकूणएक पाठ माझ्या डोळ्यांसमोरून गेली. बाहेर बसलेल्या बाईवर सगळं आधी आणि सगळ्यात जास्त कोसळलं, एवढंच. पत्र्याखालच्यांच्याही तोंडात तेच सोल होतं. जानकीने गालातलं सोल काढलं, गटारात टाकलं आणि कळशीकडे हात केला. विमलाने तांब्या भरून तिच्या हातात दिला. बौद्धवाडीतल्या कळशीतलं पाणी जानकीने तोंड लावून प्यायलं. अख्ख्या बाजाराने ते पाहिलं आणि कोणी पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढचं तुम्हीच ताडलं असेल. दुसऱ्या दिवशी ओट्यांवर बाटल्या दिसायला लागल्या. कुलूप जानकीनेच काढून टाकलं. आणि मग खरी पंचाईत झाली. एवढ्या बायका पाणी प्यायला लागल्यावर एक संडास आणि एक पिंप कोणाला पुरणार? पिंप दहा वाजता कोरडं पडायचं. मग देवगड गाडी येऊन गेली की विमला पुढे आणि ओट्यावरच्या बायका मागे, अशी रांग पंचायतीचा जिना चढायची. आधी भाईने जिन्याखाली बसणं सोडलं. ग्रामसेवकांनी आठवडाभर दम धरला. मग सरपंच रसिकाताई स्वतः बाजारात आल्या. शिकलेली मुलगी, नवी होती, खुर्चीवर बसून मान डोलावणारी नव्हती. तिने संडास उघडून पाहिला, मग पिंपात पाणी कुठून येतं ते पाहिलं, मग चालत विमलाच्या वाडीपर्यंत गेली आणि पाइपलाइन कुठे संपते तेही पाहिलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पावसाळ्याआधी काम सुरू झालं. बायकांसाठी चार दारं, आत नळ, दाराला कुलूप नाही, फक्त आतून कडी. वाडीचा नळ अजून व्हायचा आहे, तेव्हा मी इथे कोणाची आरती ओवाळत नाही.

मधल्या काळात विमलाला घेऊन मी गोव्याला दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्या डॉक्टरने फिल्म उजेडात धरली, नीट पाहिली आणि विमलाच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरी किडनी होती तशी आहे. खडे पडून गेलेत. "अशेंच करत राव," ती म्हणाली.

आणि मग उद्घाटनाचा दिवस. चार दारांच्या पुढे लाल रिबन, रांगोळी, दोन खुर्च्यांवर पाहुणे, एक जिल्हा परिषदेचे सदस्य आणि एक त्यांच्यासोबतचे. सर्वेश फोटोग्राफर कॅमेरा लावून उभा. रसिकाताईंच्या हातात तबक, तबकात कात्री. कात्री माझीच, त्यांना आयत्या वेळी मिळाली नाही. रिबन विमलाने कापावी असं ताईंचं म्हणणं होतं, पण विमलाचा पत्ता नव्हता. ओहोटी होती, ती खाडीत गेली होती. पाहुणे घड्याळ बघायला लागले. एकाचं भाषण झालं, दुसऱ्याचं सुरू झालं. बाजारातल्या बायकांचं महत्त्व, माताभगिनी, वगैरे.

भाषण अर्ध्यावर असताना ती आली. काष्टा गुडघ्यापर्यंत ओला, पायाला चिखल, डोक्यावर पाटी. पाटी तिने भिंतीशी उतरवली आणि गर्दीतून वाट काढत पुढे आली. सगळ्यांना वाटलं रिबन कापायला आली. ताईंनी तबक पुढे केलं, सर्वेश म्हणाला, "मावशी, वायच थांबा, साहेबांचं भाषण होऊ दे, मग फोटो."

"थांबूक सांगा नको रे," विमला म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "थांबान थांबान एक गेली."

तिने रिबन हाताने वर उचलली, खाली वाकून पलीकडे गेली, पहिलं दार उघडलं आणि आत शिरली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

भाषण करणारे साहेब हातात माइक धरून तसेच राहिले. सर्वेशने कॅमेरा खाली केला. ताई तबक घेऊन उभ्या, जानकी उभी, भाई, ग्रामसेवक, पतपेढीचा मॅनेजर, मी, सगळे त्या बंद दारासमोर उभे राहिलो, आणि तिचं होईपर्यंत थांबलो.